वॉरंट खिशात असताना आजोबा ट्रकनं का आले असतील?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नीट समजलोय की नाही ते कळेल. तुमचे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. भरती १९५९ची, डिस्चार्ज बुकावर तारीख १५ मे १९७४, ठिकाण बेळगाव. गाव पाटण तालुक्यात, हेळवाकच्या वर डोंगरात. घरात सांगतात की आजोबा पेन्शन आले, म्हणजे नोकरी संपवून कायमचे घरी आले, तेव्हा बेळगावहून ट्रकना हात करत करत, तीन गाड्या बदलून, दुसऱ्या दिवशी रात्री घरी पोचले आणि आजीनं कंदील वर धरून चेहरा बघितल्यावरच दार उघडलं. तुमचे चुलतभाऊ म्हणतात, फौजीला रेल्वे फुकट असते, मग ट्रकनं कोण कशाला येईल? गोष्ट रचलेली आहे. तर असं खरंच व्हायचं का, आणि आता इतक्या वर्षांनी ते ताडून कसं बघायचं, हा तुमचा प्रश्न.

मी फौजेत क्लार्क होतो, १९६९ ते १९९७. लढाईच्या गोष्टी माझ्याकडे फारशा नाहीत. पण माणसं घरी पाठवण्याचे कागद, म्हणजे सुटीचे दाखले, रेल्वे प्रवासाची वॉरंटं, डिस्चार्जची कागदपत्रं, यांतच हयात गेली. घरी आल्यावरही तालुक्यातल्या माजी सैनिकांचे आणि वीरपत्नींचे पेन्शनचे अर्ज लिहून देतो. शिवाय मीही पाटण तालुक्यातलाच. म्हणजे तुमच्या आजोबांचा शेवटचा ट्रक ज्या रस्त्यानं गेला असेल तो रस्ता मी किटबॅग खांद्यावर टाकून बऱ्याचदा चाललोय.

तुमच्या भावाचं निम्मं बरोबर आहे. पेन्शन येणाऱ्या जवानाला सरकारी खर्चानं रेल्वेनं घरी पाठवलं जायचं. पण "रेल्वे फुकट" या दोन शब्दांत बरंच काही दडलंय. खरा प्रश्न रेल्वे की ट्रक हा नाहीच. रेल्वे माणसाला कुठं सोडायची, आणि त्या दिवशी ती धावत होती का, हे प्रश्न आहेत.

वॉरंट म्हणजे तिकीट नव्हे. तो एक सरकारी कागद. ऑफिसातून सही-शिक्क्यानिशी मिळायचा, तो स्टेशनाच्या खिडकीवर द्यायचा आणि बदल्यात तिकीट घ्यायचं. पैशाचा हिशेब सरकार आणि रेल्वे आपापसात बघून घ्यायचे. त्यावर कुठून कुठपर्यंत हे लिहिलेलं असायचं, आणि "कुठपर्यंत" हे जवान सांगेल ते नसायचं. ते त्याच्या शीटरोलवरून, म्हणजे नोकरीच्या नोंदपत्रकावरून, उतरवायचं. भरतीच्या दिवशी शीटरोलवर गाव, पोस्ट, तार ऑफिस, तालुका, जिल्हा आणि सगळ्यात शेवटी एनआरएस, म्हणजे नजीकचं रेल्वे स्टेशन, अशी नोंद व्हायची. अठरा वर्षांचं पोर, आयुष्यात कदाचित पहिल्यांदाच आगगाडी बघितलेली, त्याला हवालदार दरडावून विचारतो, "स्टेशन कौनसा?" पोर जे ऐकलेलं असेल ते सांगतं. ती नोंद मग पंधरा वर्षं त्याच्या मागं फिरते. सरकारच्या लेखी तुमच्या आजोबांचं घर त्या स्टेशनावर संपलं. पुढच्या रस्त्याच्या भाड्याचा क्लेम करता यायचा, पण त्यासाठी कागद रंगवा, पाठवा आणि वाट बघा. पेन्शनीत निघालेला माणूस त्या फंदात पडत नसे.

या नोंदीची किंमत मला एकदा चांगली कळली, आणि चूक माझ्याच हातची होती. नवीन होतो. एका जवानाचं गाव वाठार. मी डोळे झाकून वॉरंटवर "वाठार" लिहिलं. वाठार नावाचं स्टेशन आहेच, पण ते कोरेगाव तालुक्यात. हा गडी कराड तालुक्यातल्या वाठारचा, हायवेवरच्या. दोन वाठारांत भलतंच अंतर. उत्तरेकडून आलेली गाडी अपरात्री वाठार स्टेशनात थांबली, पुढचं तिकीट काढायला ना वेळ ना खिडकी उघडी. उतरला बिचारा. तिथून एका ट्रकनं साताऱ्यापर्यंत आणि दुसऱ्यानं घरापर्यंत. सुटीवरून परत आला तेव्हा मी तोंड लपवत होतो. त्यानं मात्र येताना माझ्यासाठी चार करंज्या बांधून आणल्या होत्या आणि सगळ्या ऑफिससमोर म्हणाला, "बाबूजी, तुमच्या कृपेनं मी माझा जिल्हा बघितला." त्या दिवसापासून वॉरंटवर सही घेण्याआधी मी प्रत्येकाला तोंडी विचारत आलो, की बाबा, उतरून पुढं कसा जाणार?

आता तुमच्या आजोबांकडे येऊ. पाटण तालुक्यातल्या माणसाचा एनआरएस बहुतेक कराड असणार. आणि ज्यांना कराडचं स्टेशन माहीत आहे ते आत्ता हसतील. स्टेशन कराड गावात नाही, ओगलेवाडीला आहे, गावापासून पाच-सहा किलोमीटर. म्हणजे रेल्वेनं आलात तर आधी ओगलेवाडी ते कराड, मग कराड ते पाटण, मग हेळवाक, मग डोंगर. उलट बेळगावहून हायवेनं आलात तर निपाणी, कागल, कोल्हापूर करत गाडी थेट कराडच्या कोल्हापूर नाक्यावर येते. तिथून पाटणचा फाटा हाकेच्या अंतरावर. पुणे-बेंगलोर रस्ता, तेव्हाचा एनएच फोर, बेळगाव आणि कराड दोन्हींच्या दारातून जातो. रेल्वे तशी जात नाही.

रेल्वेची आणखी एक भानगड होती. पुणे-मिरज लाइन १९७१ला ब्रॉड गेज, म्हणजे रुंद रुळांची, झाली. मिरजेच्या खाली बेळगावकडे मात्र अरुंद मीटर गेजच राहिला, तो नव्वदच्या दशकापर्यंत. म्हणजे बेळगावहून निघालेल्या माणसानं मिरजेला उतरायचं, ट्रंक, होल्डॉल, किटबॅग असा संसार एका गाडीतून काढायचा, दुसऱ्या फलाटावर न्यायचा आणि मोठ्या गाडीची वाट बघत बसायचं. सुटीवर जाणारा जवान एका किटबॅगवर निघतो, त्याला हे जमतं. पेन्शन येणाऱ्याबरोबर पंधरा वर्षांचं सामान असतं. त्यामुळे बेळगावहून सातारा जिल्ह्यात येणारे बरेच जण एरवीसुद्धा रस्त्यानंच यायचे. ज्यांना गाडी-बदलीचा वैताग नको ते एसटीनं, आणि ज्यांना पैसे वाचवायचे किंवा एसटी हुकलेली, ते ट्रकनं.

इथवरचं सगळं "असं होऊ शकतं" या खात्यातलं. पण ताई, तुम्ही तारीख दिलीत आणि बहुतेक तिच्यामुळंच प्रश्न सुटतो. १५ मे १९७४. त्या महिन्यात देशभर रेल्वेचा संप होता. ८ मेला सुरू झाला, २७ मेला मागं घेतला गेला. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा रेल्वे कामगारांच्या फेडरेशनचे अध्यक्ष होते. सुमारे १७ लाख कामगार संपात, हजारोंनी अटका, आणि प्रादेशिक सेनेच्या रेल्वे तुकड्या बोलावून गाड्या हाकायचा प्रयत्न. काही गाड्या धावत होत्या, नाही असं नाही. पण कुठली धावेल, कुठं अडकेल हे स्टेशनात जाऊन बसल्याशिवाय कळत नव्हतं. मी त्या वेळी उत्तरेतल्या एका छावणीत होतो. आमची सुटीवर निघालेली पार्टी स्टेशनावरून दुसऱ्या दिवशी परत आली, बिस्तरे जसेच्या तसे बांधलेले. माझ्या टेबलावर सुटीच्या दाखल्यांचा गठ्ठा, आणि रोज त्यावरच्या तारखा खोडून नव्या घालायच्या. एका बिहारी जवानाची बहिणीच्या लग्नाची सुटी होती. त्याच्या दाखल्यावर मी तारीख तीनदा बदलली, चौथ्यांदा त्यानं दाखला परत घेतलाच नाही, म्हणाला, लग्न झालं.

सुटीवरचा माणूस थांबू शकतो, लंगरात, म्हणजे पलटणीच्या जेवणघरात, त्याचं नाव असतं. ज्याचं नाव पलटणीतून निघालं त्याचं तसं नसतं. डिस्चार्जच्या आधी त्याला क्लिअरन्स करावा लागतो. कोतात, म्हणजे शस्त्रागारात, हत्यार जमा, कोठारात वर्दीचं सामान जमा, कॅन्टीनची उधारी चुकती, लायब्ररीचं पुस्तकसुद्धा परत, आणि प्रत्येक ठिकाणाहून चिठ्ठीवर सही. शेवटची सही झाली की बराकीत त्याची चारपाई दुसऱ्या कुणाच्या नावावर चढते. राहू दिलं असतं दोन दिवस, कुणी हाकललं नसतं. पण निरोपाचा बडा खाना झालेला, हार घालून झालेले, सगळ्यांना रामराम करून झालेला. मग परत बराकीत जाऊन "संप आहे, राहतो" म्हणायचं, हे त्या पिढीच्या माणसाला जडच गेलं असणार. मी पाहिलेले बहुतेक जण अशा वेळी म्हणायचे, पायी जाईन पण जाईन.

एसटी का नाही, असा पुढचा प्रश्न तुमचे भाऊ विचारतील. मे महिना, लग्नसराई, शाळेच्या सुट्या, वर रेल्वे बंद, म्हणजे तिची गर्दीही एसटीवर. त्यात ट्रंक टपावर चढवायची तर तिचं वेगळं लगेज तिकीट, आणि कंडक्टर भरलेल्या गाडीत घेईलच असं नाही. आणि पैसा. लोकांना वाटतं पेन्शन येताना माणूस गठ्ठा घेऊन येतो. त्या काळात शेवटचा हिशेब पे अकाउंट्स ऑफिसकडून नंतर सुटायचा, बऱ्याचदा मनीऑर्डरनं गावी यायचा. पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन द्यायचा आदेश, अलाहाबादहून निघायचा, त्याला महिने लागायचे. खिशात असायची ती थोडी रोख, आणि तीही कपडे, पेढे आणि पोरांच्या खाऊत बेळगावच्या बाजारातच निम्मी व्हायची.

आता ट्रकचं सांगतो, कारण हा भाग कागदात सापडत नाही. त्याला आज हिचहायकिंग म्हणतात. आम्ही "हात करून आलो" म्हणायचो. सिनेमातल्यासारखा अंगठा दाखवायची पद्धत आपल्याकडे नव्हती. आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा दाखवणं, गाडी थांबायच्या ऐवजी ड्रायव्हरनं आईमाई काढली असती. हात आडवा करायचा, पंजा खाली, हळू हलवायचा. आणि उघड्या रस्त्यावर सहसा करायचाच नाही. भरलेला ट्रक वेगात आला की तुमच्यासाठी थांबत नाही, चढावर तर नाहीच, कारण परत उचलायला त्याचा जीव जातो. ट्रक जिथं स्वतःहून थांबतो तिथं उभं राहायचं. जकात नाका, पेट्रोल पंप, राज्याच्या हद्दीवरचा चेकनाका, घाटाच्या पायथ्याचं चहाचं हॉटेल. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात निपाणीच्या अलीकडं तवंदीचा घाट आहे. घाट चढून इंजिन तापलं की गाड्या पाणी घालायला थांबायच्या. तिथं ड्रायव्हरशी बोलायला वेळ मिळायचा, आणि बोलणं झालं की अर्धं काम झालं.

मालट्रकमध्ये उतारू घेणं नियमात बसत नव्हतं. ड्रायव्हर घ्यायचे, कारण दोन पैसे सुटायचे. १९७३मध्ये तेलाचे भाव भडकल्यापासून तर जास्तच. सगळे पैसे घेणारे नसत आणि सगळे साधूही नसत. माझा अंदाज असा की चारातले तीन काहीतरी घ्यायचे, पण फौजीकडून एसटीपेक्षा कमी. पैसे न घेणारेही बहुधा काहीतरी घ्यायचेच. कॅन्टीनची रमची बाटली हे त्या काळात हायवेवर चालणारं दुसरं नाणं होतं. मी सांगतोय म्हणून आजोबांच्या नावावर लगेच लावू नका, माळकरी असतील तर माझ्यावर यायचं.

फौजी आहे हे ड्रायव्हरला कसं कळायचं? केस, बूट, उभं राहण्याची तऱ्हा, हे आहेच. पण खरं ओळखपत्र म्हणजे ट्रंक. काळी पत्र्याची ट्रंक, आणि तिच्यावर पलटणीतल्या पेंटरनं पांढऱ्या ऑइलपेंटनं घातलेला नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली एनआरएस. लांबून वाचता येईल अशी अक्षरं. ती रस्त्याच्या कडेला उभी करून तिच्यावर बसायचं, अक्षरं रस्त्याकडे. जुने जाणते हे नव्यांना सांगायचे. रात्री हेडलाइट पडला की माणसाच्या आधी ते पांढरं रंगकाम दिसायचं.

माझा एक प्रवास सांगतो, म्हणजे आत बसल्यावर काय असायचं ते कळेल. १९७६, थंडीचे दिवस, मी सुटीवर. गाडी उशिरानं कराडला आली, रात्रीचा दीड. ओगलेवाडीहून चालत कराडात आलो, नाक्यावर तीन वाजता एक हॉटेल उघडं, बाहेर चिपळूणकडे जाणारा टाटा-मर्सिडीज उभा. ड्रायव्हर बशीतून चहा पीत होता. मी काही बोलायच्या आधी त्यानं माझ्या पायाकडे बघितलं आणि विचारलं, "कुठली पलटण?" मी सांगितलं. म्हणाला, "मी एएससीत होतो, नाव कापून आलो. चढ." एएससी म्हणजे फौजेचं रसद-वाहतुकीचं खातं, आणि नाव कापून म्हणजे पेन्शन व्हायच्या आधीच स्वतः अर्ज करून सुटलेला. पुढची जागा क्लीनरची, तो तोंडावर टॉवेल टाकून घोरत होता. मला मिळालं मधलं इंजिनाचं झाकण. त्यावर दुमडून घातलेली गोधडी. पहिली पाच मिनिटं थंडीत स्वर्ग वाटतो. मग खालून असा शेक लागतो की माणूस एकदा डाव्या आणि एकदा उजव्या अंगावर बसतो. काचेपुढं देवीचा फोटो, त्याला झेंडूची सुकलेली माळ, आणि डिझेल, उदबत्ती, ओल्या ताडपत्रीचा मिळून एक वास. ड्रायव्हर सगळा रस्ता फौजेच्या शक्तिमान ट्रकबद्दल बोलत होता. लडाखला सकाळी शक्तिमान सुरू करायची म्हणजे आधी खाली शेगडी धरायची वगैरे. मी नुसता हं हं करत होतो, मला भीती की हा बोलायचा थांबला तर झोपेल.

मल्हारपेठेला उतरताना मी पैसे काढले. तो म्हणाला, पैसे नको, बूट कितीचा? मी म्हटलं, नऊ. "जुना जोड असेल तर पुढच्या खेपेला नाक्यावरच्या चहावाल्याकडे ठेव. नऊच लागतो." पुढच्या सुटीत मी एक जोड खरंच ठेवला. चहावाल्यानं नंतर सांगितलं, घेऊन गेला, आणि जाताना माझ्या नावावर दोन चहाचे पैसे भरून गेला. त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं.

आता परत तुमच्या गोष्टीकडे. मला तिच्यातली एक गोष्ट फार पटते, ती म्हणजे तीन गाड्या. बेळगावहून निघालेला ट्रक बहुतेक कोल्हापूरच्या बाजारात रिकामा होणार. तिथून पुण्याकडे जाणारा दुसरा, तो कराडला नाक्यावर सोडणार. आणि तिसरा चिपळूणकडे जाणारा, कुंभार्ली घाट उतरण्याआधी हेळवाकला सोडणारा. मे महिन्यात कोकणातनं हापूसच्या पेट्या वर यायच्या, त्यामुळे आंबा भरायला रिकामे ट्रक खाली जायचे, आणि रिकामा ट्रक फौजीला नाही म्हणत नाही. गोष्ट रचणारा माणूस एकच ट्रक रचतो, किंवा दहा. तीन हा आकडा रस्त्यावरून आलेला वाटतो.

वेळही जुळते. बेळगाव ते कराड १८०-१९० किलोमीटर. तेव्हाचा रस्ता गावागावांतून जाणारा, भरलेला ट्रक तासाला तीस-पस्तीस धरा, वर नाके, चहा, जेवण, पंक्चर. सकाळी सह्या घेऊन दुपारी निघालेला माणूस रात्री कोल्हापुरात. दुसऱ्या दिवशी दुपारी कराड. कराड ते हेळवाक आणखी ५५-६०, म्हणजे दिवेलागणीला हेळवाक. आणि तिथून डोंगर चढायचा, म्हणजे कंदील आलाच. ट्रंक घेऊन कुणी तो डोंगर चढत नाही. ती फाट्यावरच्या दुकानात ठेवून जायची आणि दुसऱ्या दिवशी दोघं जाऊन बांबूला अडकवून आणायची, अशी आमच्याकडची रीत. घरात कुणाला "ट्रंक दुसऱ्या दिवशी आली" असं आठवतं का, विचारा.

हे सगळं असलं तरी एक शंका मी मनात ठेवतो, तुम्हीही ठेवा. माणूस पेन्शन एकदाच येतो, पण पंधरा वर्षांत सुटीवर वीस-पंचवीस वेळा येतो. आठवणीत हे प्रवास एकमेकांत मिसळतात. कंदिलाचा प्रसंग १९६५च्या किंवा १९७१च्या लढाईनंतरच्या सुटीतला असू शकतो. तेव्हा महिनोन् महिने पत्र नसायचं, आणि दारातल्या माणसाचा चेहरा बघूनच दार उघडायची ती वेळ होती. पेन्शन येणार हे घरी आधीच माहीत असतं, सहसा पत्र आलेलं असतं. म्हणून वर्दीचं विचारा. गोष्टीत आजोबा वर्दीत असतील तर मला ती सुटीची आठवण वाटेल, कारण निघताना वर्दी बरीचशी कोठारात जमा होते आणि माणूस साध्या शर्ट-पँटीत निघतो. साध्या कपड्यांत असतील आणि ट्रंक बरोबर असेल तर पेन्शनचाच प्रवास. आणि आजोबा एखादी गोष्ट दोनदा वेगवेगळी सांगायचे असं आढळलं तर घाबरू नका, दोन्ही खऱ्या असतील, प्रवास वेगळे असतील.

थोडक्यात माझं मत असं: रेल्वेचं वॉरंट त्यांना मिळालेलं असणार, त्या आठवड्यात ते निरुपयोगी असणार, आणि बेळगाव-कराड रस्त्यावर ट्रक हा एरवीही वेडेपणा नव्हता. हीच गोष्ट एखाद्यानं सागरच्या महार रेजिमेंट सेंटरहून किंवा पठाणकोटहून सांगितली असती तर मी इतक्या खात्रीनं बोललो नसतो. तिथून कराडपर्यंत ट्रकनं येणं म्हणजे आठवड्याचा खेळ, आणि तसे आलेले फार थोडे. बहुतेक जण संप मिटेपर्यंत थांबले. दुसऱ्या महायुद्धानंतर जे सुटून आले त्यांचं तर गणितच वेगळं. तेव्हा फौज पंचवीस लाखांच्या घरात गेली होती, माणसं झुंडीनं सुटली, त्यांचे रस्ते या हिशेबानं मोजू नका.

कागद बघायचे असतील तर डिस्चार्ज बुकापासून सुरुवात करा. त्यात डिस्चार्जचं कारण लिहिलेलं असतं. सेवेची मुदत संपली असं असेल तर १९५९ ते १९७४ ही पंधरा वर्षं पेन्शनीला पुरतात, हिशेब नीट बसतो. पत्त्याखाली एनआरएस आहे का बघा. ठिकाणाच्या शिक्क्यात "मैसूर" दिसलं तर चकित होऊ नका. राज्याचं नाव कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ला, आणि सरकारी रबरी शिक्के नावाइतक्या लवकर बदलत नाहीत. पीपीओची प्रत असेल तर तीही काढा. शीटरोलची माहिती हवी असेल तर आजोबांचा नंबर, हुद्दा, नाव आणि तुमचं नातं लिहून बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. अर्ज साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत गेला तर बरं. उत्तराला वेळ लागतो, महिन्यानं आठवणपत्र टाका, वैतागून भांडू नका.

आणि एक वस्तू जरूर शोधा, ती म्हणजे न वापरलेलं वॉरंट. त्याचे रोख पैसे मिळत नसत. नियमानं परत करायचं, पण घरी पोचल्यावर ते परत पाठवायला कोण पोस्टात जातो? मी अशी दोन वॉरंटं लोकांच्या घरी बघितली आहेत, एक डिस्चार्ज बुकाच्या मागच्या खिशात चौघडी करून आणि एक ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या देवाच्या फोटोमागं. तुमच्याकडे ते सापडलं, तर तुमच्या भावाला वेगळं काही सांगायची गरज नाही.

ट्रंक अजून घरात आहे असं तुम्ही लिहिलंय, वर धान्याची पोती आहेत म्हणून. पोती उतरवा, ओल्या फडक्यानं पुढची बाजू पुसा आणि नावाच्या खाली कुठल्या स्टेशनाचं नाव आहे ते मला कळवा. कराड असेल तर मी वर लिहिलेलं धरून चाला. वाठार असेल तर मात्र आधीच माफी मागतो, ते माझ्यासारख्याच कुणाचं तरी काम असणार.